बारा व्होल्टची बंदिश

नवी एसयूव्ही घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये तीन गोष्टी हमखास विचारतो. अ‍ॅव्हरेज किती, सनरूफ आहे का आणि म्युझिक सिस्टीम कुठली? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादे भारदस्त परदेशी नाव सांगितले जाते, स्पीकर किती ते मोजून दाखवले जाते आणि गिऱ्हाईक खूश होते. पुढे महिन्या-दोन महिन्यांत त्याला वाटू लागते की आवाज अजून भरदार हवा. गाडी ऐंशीच्या वेगाने धावू लागली की तबल्याचा डग्गा टायरांच्या घरघरीत बुडतो, आवाज वाढवावा तर तो चिरकतो. मग कुणीतरी कार-ऑडिओच्या दुकानाचा पत्ता देते. दुकानदार म्हणतो, ''साहेब, कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर बाजूला करू, दुसरा टाकू, बघा काय फरक पडतो!'' तिकडे शोरूमवाला बजावतो, ''हात लावलात तर वॉरंटी विसरा.''

यात खरे कोणाचे? दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण हा वाद कुठून आला हे पाहायचे तर जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते. गाडीतल्या आवाजाचा इतिहास दोन झगड्यांचा आहे. एक बॅटरीच्या तुटपुंज्या व्होल्टशी, आणि दुसरा गाडी बनवणारी कंपनी आणि गाडीचा मालक यांच्यातला.

सुरुवात बाहेरच्या माणसाने केली, हे आधीच सांगून टाकतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी रेडिओ आला, पण मोटार कंपन्यांना गाडीत रेडिओ घालण्याची घाई नव्हती. शिकागोत पॉल गॅल्व्हिन आणि जोसेफ गॅल्व्हिन या दोघा भावांनी १९२८ साली एक छोटा कारखाना काढला होता. घरातला रेडिओ बॅटरीऐवजी विजेवर चालवण्याचे उपकरण ते बनवत. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि धंदा बसायची वेळ आली. तेव्हा पॉल गॅल्व्हिन यांनी गाडीतल्या रेडिओवर डाव लावला. १९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचा मेळावा भरला होता. तिथे त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. 'मोटर' या शब्दाला त्या काळी ग्रामोफोनच्या नावांत चालणारे 'ओला' हे शेपूट जोडून त्यांनी 'मोटोरोला' हे नाव केले. तेच पुढे १९४७ साली साऱ्या कंपनीचे नाव झाले.

या रेडिओची किंमत होती ११० ते १३० डॉलर. त्या वेळी फोर्डची मॉडेल-ए कूपे ही अख्खी गाडी ५४० डॉलरला मिळे. म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढा रेडिओ! युरोपातही तेच. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टचा 'ऑटोसुपर' आला, त्याला ४६५ मार्क पडत. तिथल्या एका लहान गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातच जाई.

किमतीपेक्षाही जिकिरीचे काम होते ते बसवण्याचे. त्या रेडिओत काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. व्हॉल्व्हची तार तापवायला गाडीची ६ व्होल्टची बॅटरी पुरे, पण तिच्यातून आवाजाचा प्रवाह वाहण्यासाठी दोनशेच्या घरातले व्होल्ट लागत. म्हणून रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्यांची जोडी गाडीच्या पाटाखाली ठेवावी लागे. छताच्या अस्तरात तारेची जाळी शिवून तिचा एरियल करत. इंजिनाच्या स्पार्क प्लगांची कडकड रेडिओत ऐकू येई, ती दाबायला प्रत्येक प्लगच्या वाटेत रोध घालावे लागत. गाडी उघडून असे काही करणे मोटार कंपनीच्या मनातही नव्हते, ते गॅरेजमधल्या मिस्त्रीने केले. आज कारखान्यातून 'आपोआप' येणाऱ्या म्युझिक सिस्टीमचा पूर्वज हा असा बाहेरून ठोकलेला पाहुणा होता.

वेगळ्या बॅटऱ्यांचा त्रास संपला तो व्हायब्रेटर नावाच्या डबीमुळे. तिच्यात दाराच्या घंटेसारखी एक पोलादी पट्टी असे. ती सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरत विजेचा प्रवाह तोडी आणि जोडी. बॅटरीची वीज सरळ एकाच दिशेने वाहते, आणि अशी वीज ट्रान्सफॉर्मरने चढवता येत नाही. तिचे असे तुकडे केले की येते. त्यामुळे ६ व्होल्टचे २०० व्होल्ट झाले. डबीची गुणगुण ऐकू यायची आणि पट्टी झिजली की डबी बदलावी लागायची, पण काम भागले. ही युक्ती लक्षात ठेवा. चाळीस वर्षांनी ती नव्या रूपात परत येणार आहे.

१९३५ साली जनरल मोटर्सने सबंध पोलादी छताच्या गाड्या आणल्या. पोलादाखाली जाळीचा एरियल काम करीना, मग एरियल गाडीबाहेर आला. गाडी बदलली की आवाजवाल्याला आपली विद्या नव्याने मांडावी लागते, याचा हा पहिला धडा.

१९५० च्या दशकात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. इंजिने मोठी झाली, ती सुरू करायला ६ व्होल्टचा जोर पुरेना, म्हणून त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी आली. बारा हा आकडा ठरला तो इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या सोयीने, संगीताचा विचार कोणी केला नव्हता. आणि तोच आकडा आजपर्यंत आपल्या मानेवर बसला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रान्झिस्टर. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. तो १९५६ च्या इम्पीरियल गाडीसाठी होता, किंमत १५० डॉलर. ट्रान्झिस्टरला दोनशे व्होल्टची गरज नव्हती, तो बॅटरीच्या व्होल्टवर थेट चाले. व्हायब्रेटरची डबी गेली, तिची गुणगुण गेली, सारे कसे सुटसुटीत झाले.

पण या सुटसुटीतपणाची एक किंमत होती, आणि ती समजायला थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, शाळेतलेच आहे.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज 'निर्माण' करत नाही. गाण्याचा क्षीण इशारा घेऊन तो बॅटरीची ताकद त्या इशाऱ्याच्या तालावर स्पीकरमध्ये सोडतो. गच्चीवरच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, नळातून वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे ओहम. गाडीतला सर्वसाधारण स्पीकर ४ ओहमचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. साधा अ‍ॅम्प्लिफायर मध्यबिंदूपासून वर ७.२ आणि खाली ७.२ एवढेच झुलू शकतो. ७.२ चा वर्ग करा, ४ ओहमच्या दुपटीने म्हणजे ८ ने भागा. उत्तर येते जेमतेम साडेसहा वॅट. टाकीच इतकी ठेंगणी, की नळ कितीही भारी आणला तरी धार तेवढीच.

यावरची पहिली तोड अशी निघाली की स्पीकरच्या दोन टोकांना दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे. एक वर ढकलत असताना दुसरा खाली ओढतो. याला 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. झोका दुप्पट झाला की ताकद चौपट होते. ६.५ चे २६ वॅट झाले, तेही कागदावर. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे अठरा-वीस वॅट हाती लागतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली ज्यांनी पालथी घातली आहे, त्यांना सान्यो कंपनीची 'एलए ४४४०' ही आयसी आठवत असेल. आपल्याकडे एका पिढीने घरचे डेक आणि टेम्पोतले टेप याच 'चव्वेचाळीस चाळीस'वर वाजवले. तिच्या माहितीपत्रकात आकडे होते ते असे: दोन वाटांनी प्रत्येकी ६ वॅट, किंवा पूल बांधून १९ वॅट. आपण आत्ता केलेल्या गणिताशी ताडून पाहा. आयसी बनवणारा खोटे बोलत नव्हता.

मग टेपच्या दर्शनी पट्टीवर '५० वॅट गुणिले ४' असे जे छापलेले असते, ते कुठून येते? तेही याच गणितातून. १४.४ चा वर्ग करून ८ ऐवजी थेट ४ ने भागले की ५१.८ येतात. याचा अर्थ असा, की अ‍ॅम्प्लिफायरला इतके रेटायचे की गाण्याच्या गोलाईदार लाटांचे माथे कापले जाऊन चौकोनी ठोकळे होतील. त्या अवस्थेत स्पीकर गात नाही, किंचाळतो. पट्टीवरचा आकडा त्या किंचाळीचा असतो. आकडा खोटा नाही, फक्त तो संगीताचा नाही.

तर १९७० च्या दशकापर्यंत ही अशी कोंडी होती. गाडीत गाणी भरपूर आली होती. १९६६ च्या मॉडेलांपासून फोर्डने विल्यम लिअर यांची आठ-ट्रॅकची टेप द्यायला सुरुवात केली होती. हे लिअर मोटोरोलाच्या पहिल्या दिवसांतही गॅल्व्हिन यांच्या मदतीला होते. पाठोपाठ फिलिप्सची कॅसेट आली. घरी लोकांनी उत्तम हाय-फाय यंत्रे घेतली होती, आणि गाडीत बसले की तोच पाच-सहा वॅटचा चिरका आवाज. मोटार कंपन्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. लोक गाडी घेतात ती इंजिनासाठी, असा त्यांचा हिशेब.

आणि पुन्हा बाहेरचा माणूस पुढे आला. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स गावी जिम फॉसगेट यांनी १९७३ साली गाडीसाठी वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा धंदा सुरू केला. 'रॉकफर्ड फॉसगेट' हे नाव पुढे त्यातूनच आले. १९७५ साली जपानच्या पायोनिअरने घरच्या हाय-फायसारखे सुटे भाग गाडीसाठी विकायला काढले. डेक वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. मायामीत त्याच सुमारास जेएल ऑडिओ उभी राहिली.

हे नवे अ‍ॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या कोंडीतून सुटले कसे? इथे ती जुनी व्हायब्रेटरची युक्ती परत आली. बॅटरीचा प्रवाह तोडायचा-जोडायचा, ट्रान्सफॉर्मरने चढवायचा. फक्त थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी आता ट्रान्झिस्टर होते. ते सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करीत, ही उघडमीट कानाला ऐकू येत नसे आणि त्यात झिजायला काही नव्हते. बाराचे अधिक तीस आणि उणे तीस व्होल्ट झाले. तीसचा वर्ग ९००, भागिले ८, म्हणजे ११२ वॅट. टाकी गच्चीवरून थेट टेकडीवर गेली.

१९८० च्या दशकात या पेटीने अमेरिकी शहरांचे रस्ते दणाणून सोडले. मायामीत तर गाडीच्या डिकीतल्या वूफरवर दणकावे म्हणूनच रचलेले, 'मायामी बेस' नावाचे संगीत जन्माला आले. त्यातून शेजाऱ्यांच्या तक्रारीही आल्या आणि कायदेही. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीतले संगीत ५० फुटांवर ऐकू गेले तर दंड होतो. हौशी लोकांनी जे मिळवले त्याचा उपद्रव इतरांना झाला, हे इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडची तऱ्हा थोडी वेगळी होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायला परवाना लागे. अ‍ॅम्बॅसिडर असो की मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, गाडीतले संगीत ही बहुतांशी मागाहून करायची सोय होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्याही मालकांनी टेप, स्पीकर आणि 'बूस्टर' बाजारातूनच बसवून घेतले. मागच्या काचेखालच्या फळीत सहा बाय नऊ इंचाचे लंबगोल स्पीकर बसले की गाडी सजली. त्यामुळे 'कंपनीचा' विरुद्ध 'बाहेरचा' हा वाद आपल्याकडे बराच उशिरा आला. कंपनीचे असे काही नव्हतेच, तर भांडणार कोणाशी?

आता कथेला वळण मिळते. बाहेरच्यांनी एवढा बाजार उभा केल्यावर मोटार कंपन्यांना जाग आली. जनरल मोटर्सने १९७९ साली एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीबरोबर काम सुरू केले. अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधले क्रांतिकारक. १९२० साली ते अमेरिकेत गेले. अमर यांचा जन्म फिलाडेल्फियातला. त्यांच्या विचारातली खुबी साधी होती. घरात कोण कुठे बसेल सांगता येत नाही, पण गाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. काच कुठे, गादी कुठे, कान कुठे, सारे आधीच ठाऊक असते. मग त्या एका गाडीच्या पोकळीसाठीच आवाज का बेतू नये? १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत ही यंत्रणा आली. तिच्या चारही स्पीकरांच्या खोक्यांत प्रत्येकाचा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर होता.

बारा व्होल्टच्या कोंडीवर बोस कंपनीने आणखी एक तोड वापरली. टाकी उंच करण्याऐवजी नळ रुंद करायचा. त्यांच्या अनेक गाड्यांतले स्पीकर ४ ओहमऐवजी दोन, एक किंवा त्याहूनही कमी ओहमचे असत. एक ओहमवर पुलाचे गणित करा, १४.४ व्होल्टवरच शंभर वॅट निघतात. हुशारीची गोष्ट खरी. पण तिचा परिणाम असा झाला, की बाजारातला ४ ओहमसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर या स्पीकरांना जोडला तर तो तापून बंद पडे किंवा जळे. आणि बाजारातला स्पीकर कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर आवाज पडे. म्हणजे बाहेरच्याची कल्पना कंपनीने आत घेतली, ती अधिक चांगली केली, आणि आत घेताना मागे दार ओढून घेतले.

बाकीची दारेही पुढे एकेक करून बंद होत गेली. १९८० च्या दशकात डेकच्या खाचेचे माप जगभर ठरले होते, रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५०. कुठल्याही कंपनीचा डेक कुठल्याही गाडीत बसे. हे माप म्हणजे गाडीमालकाच्या स्वातंत्र्याचा एक अलिखित जाहीरनामाच होता! १९८९ साली लेक्ससमध्ये नाकामिचीची यंत्रणा मिळू लागली. असली मोठी नावे गाडीच्या किमतीतच मिळू लागल्यावर बाहेर जाणारे कमी झाले. हळूहळू डेकची चौकट जाऊन तिथे पडदा आला आणि त्याच पडद्यात वातानुकूलन, नकाशा, मागचा कॅमेरा सारे बसले. २००१ साली बीएमडब्ल्यूने आपल्या ७ सीरिजमध्ये आवाज तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशाच्या रूपाने, काचतंतूसारख्या धाग्यातून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायला सुरुवात केली. सारी उपकरणे एका कड्यात ओवलेली. त्यातले एक काढले की कडे तुटते आणि सगळेच मुके होतात.

एसयूव्हीत तर हा गुंता आणखी वाढतो. एसयूव्ही म्हणजे मोठी पोकळी. मागचे दार सपाट आणि भलेमोठे, टायर रुंद. रस्त्याची खालच्या पट्टीतली घुमघुम तिच्यात साचून राहते. ती मारण्यासाठी बऱ्याच गाड्यांत छताला छोटे मायक्रोफोन लावतात. ते घुमघुम ऐकतात आणि अ‍ॅम्प्लिफायर नेमका तिच्या उलटा आवाज स्पीकरमधून सोडून ती खोडून काढतो. आता अशा गाडीत कोणी डिकीत दणदणीत सबवूफर टाकला, तर मायक्रोफोनला वाटते हा ढोलही रस्त्याचाच गोंगाट. मग यंत्रणा त्याच्याशी झगडू लागते आणि गाडीत कानठळ्या बसवणारा हुंकार उठतो. वाहन मागे घेतानाची टिकटिक, सीटबेल्टची घंटा, फोनवरचे बोलणे, हेही अनेक गाड्यांत त्याच अ‍ॅम्प्लिफायरमधून येते. तो उपटून काढला तर गाणे मिळेल, पण सूचना जातील.

त्यातच कंपनी आपल्या छोट्या स्पीकरांना जपण्यासाठी एक गोष्ट गुपचूप करते. आवाजाचे बटण वर नेले की खालच्या पट्टीतला जोर ती आपणहून कमी करते. ज्याने नुसता मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि त्याला कंपनीच्या स्पीकरची तार जोडली, त्याला हे लुळे झालेले गाणेच मोठ्याने ऐकायला मिळते. म्हणून आज या कामात खरी किंमत आहे ती मधल्या यंत्राला. हे यंत्र कंपनीने केलेली कापाकापी मोजते, ती उलटवून इशारा सरळ करते आणि मग पुढे धाडते. कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर जागेवर ठेवून, घंटा आणि फोन शाबूत राखून आवाज सुधारण्याची ही रीत गेल्या वीसेक वर्षांत रुळली. बाहेरच्या माणसाने बंद दाराला पुन्हा खिडकी पाडली म्हणा ना.

महाराष्ट्राचा या कथेशी आता थेट संबंध आहे. २०१९ च्या जानेवारीत आलेली टाटाची हॅरिअर पिंपरीत तयार झाली. तिच्या वरच्या मॉडेलात नऊ जेबीएल स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर होता. २०२१ साली चाकणहून आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा स्पीकर मिळू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्राने विजेवरच्या एसयूव्ही दाखवल्या, त्यांत हरमन कार्डनचे सोळा. जेबीएल आणि हरमन कार्डन ही दोन्ही नावे एकाच हरमन कंपनीची. २०१७ साली ती सॅमसंगने विकत घेतली, आणि तिचा एक कारखाना चाकणलाच आहे. विजेवरच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून महिंद्राने गाडीच्या स्वतःच्या ध्वनींसाठी ए. आर. रहमान यांना बरोबर घेतले. गाडी जे 'बोलते' तेही आता अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडून! एका पिढीपूर्वी जो मागच्या फळीवर स्क्रूने आवळला जाई, तो आता गाडीचा कंठ झाला आहे.

मग मालकाने काय करावे? इतिहासाकडून तीन-चार साध्या गोष्टी शिकता येतात. पहिली, वॅटला भुलू नये. ताकद दुप्पट केली तर आवाजात फक्त तीन डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद दसपट लागते. २० वॅटचे ४० केल्याने फार तर आवाज थोडा स्वच्छ होईल, छप्पर उडणार नाही. बहुतेकांना हवी असते ती ही स्वच्छताच. दुसरी, वीज फुकट येत नाही. जुन्या पद्धतीचा ५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुऱ्या जोरात वाजला तर बॅटरीतून साठेक अँपिअर ओढतो. डी वर्गातला नव्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पुरता उघडतो नाहीतर पुरता मिटतो, तेच काम त्रेचाळीसच्या आसपास करतो. एसयूव्हीत बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प्लिफायर मागे, मध्ये चार-पाच मीटर तार. तारेत नुसता पाव शतांश नव्हे, दोन शतांश ओहमचा रोध असला तरी साठ अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि ७२ वॅटची उष्णता तारेत मुरते. म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. पैसे वाचवायला इथे हात आखडणाऱ्यांच्या गाड्या पेटतात.

तिसरी गोष्ट कानांची. ८५ डेसिबल आवाजात माणूस आठ तास सुरक्षित राहतो, असे कामगारांच्या आरोग्यासाठीचे अमेरिकी मानक सांगते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. बंद काचांच्या गाडीत चांगला अ‍ॅम्प्लिफायर शंभरी सहज गाठतो, आणि आवाज स्वच्छ असल्याने ते जाणवतही नाही. चिरकणारा जुना टेप निदान आपणहून बटण खाली करायला लावत असे.

आणि चौथी गोष्ट हक्काची. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने एक तत्त्व घालून दिले. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला हमी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दिसले पाहिजे. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने गाडी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी म्हणून कायदा केला. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचेही क्षेत्र आहे. दार किलकिले आहे, पुरते उघडलेले नाही. गाडी घेतानाच 'बाहेरचे काम केले तर हमीतले नेमके काय जाते?' असे लेखी विचारून घेण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागायची आहे.

कंपनीच्या इंजिनिअरने बेतलेला आवाज नेहमीच वाईट नसतो. अमर बोस यांनी दाखवून दिले की गाडी ठाऊक असणाऱ्याच्या हाती आवाज दिला तर तो किती सुधारतो. पण गाडीत पहिला रेडिओ बसवला तो गाडी बनवणाऱ्याने नव्हे, आणि बारा व्होल्टची कोंडी फोडली तीही त्याने नव्हे. दोन्ही वेळा कोणीतरी मालकाच्या परवानगीने कंपनीची गाडी उघडली, आत हात घातला आणि बिघाडाची जोखीम पत्करली. उद्या गाड्या अशा बनल्या की त्या उघडताच येणार नाहीत, तर पुढची सुधारणा कोण करणार? एसयूव्हीच्या मागच्या कोपऱ्यातली ती ओंजळीएवढी पेटी बदलावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ती बदलता येण्याची सोय मात्र शिल्लक राहिली पाहिजे.